मामे बिरागोच्या चारशे खुर्च्या

पडदा वर जातो. शनिवार, दुपारचे तीन. घानातल्या कुमासीच्या असाफो भागातलं, एका वाहिनीचं सभागृह. रंगमंचावरचे सगळे दिवे लागलेत. मागच्या भिंतीवर चंदेरी अक्षरांत ‘उद्याचा आवाज’ असं लिहिलंय आणि त्यातल्या एका अक्षराचा दिवा गेलाय. समोर निळ्या प्लास्टिकच्या चारशे खुर्च्या. त्यांच्यावर बसलेली माणसं मी दोनदा मोजली. दोन्ही वेळा त्रेसष्ट भरली. आणि मधल्या वाटेत, कंबरेवर हात ठेवून, डोक्याचा हिरवा रुमाल कपाळापर्यंत ओढून उभी आहे ती मामे बिरागो; मामे म्हणजे आमच्याकडे आई.

ती गायिका नव्हती, परीक्षक नव्हती, वाहिनीच्या पगारपत्रकावरही तिचं नाव नव्हतं. ती प्रेक्षक होती. मी चाळीस वर्षं रंगमंचावर काढली, घानाच्या दोन्ही टोकांना आमच्या नाटक मंडळीची लॉरी नेली, पण तिच्या तोडीचा प्रेक्षक मी दुसरा पाहिला नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आमची पहिली भेट सांगतो. मी चोवीस वर्षांचा होतो आणि बायकांच्या भूमिका करायचो, कारण आमच्या काळी त्या पुरुषच करत. त्या दिवशी केजेटिया बाजारामागच्या पटांगणात मी सावत्र आई होतो. अनाथ पोराचं काम येबोआ करायचा. वय पस्तीस, मिशी दर प्रयोगाआधी भादरावी लागायची. मी त्याला उपाशी ठेवून दाराबाहेर हाकललं, तो रडायला लागला, आणि प्रेक्षकांतून एक बारा वर्षांची मुलगी तडक मंचावर चढली. तिच्या हातात पानात गुंडाळलेली तळलेली केळी होती, स्वतःच्या जेवणातली. तिने ती येबोआच्या हातात दिली, त्याचे डोळे पुसले, मग माझ्याकडे वळली आणि पायातली चप्पल काढून मला दोन लगावल्या. पटांगण उभं राहून ओरडत होतं. मला पुढे पदकं मिळाली, हार मिळाले, पण त्या चपलेची सर कशाला आली नाही. येबोआ केळी खाता खाता पुटपुटला, “मीठ कमी आहे,” तेव्हा ती म्हणाली, “अनाथाला एवढे चोचले?”

तेव्हापासून ती मला ‘सावत्र आई’ म्हणते. माझ्या लग्नातही तिने त्याच नावाने हाक मारली होती.

मोठी होऊन तिने बाजारात सुरणाचं दुकान टाकलं. नवरा लवकर गेला, मुली लग्न होऊन सुन्यानीला गेल्या. मग सतरा वर्षांपूर्वी ‘उद्याचा आवाज’ सुरू झाला. पहिल्या भागाला वाहिनीने कार्यालयांतली टाय लावलेली माणसं बोलावली होती. पोरं जीव तोडून गात होती आणि ही मंडळी हाताची घडी घालून बसली होती, जणू कर्जाचे अर्ज तपासताहेत. बिरागो मागच्या दाराने उकडलेल्या सुरणाचं पातेलं घेऊन आली होती, कलाकारांच्या जेवणासाठी. तिने पातेलं खाली ठेवलं, सरळ मंचावर गेली आणि गाणाऱ्या पोराच्या डोक्यावर उजव्या हाताची दोन बोटं धरली. आमच्याकडे नाचणाऱ्या-गाणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नाही. त्या पोराचा आवाज जो वर गेला तो छपराला लागला. दुसऱ्या आठवड्यात तेव्हाचा दिग्दर्शक तिच्या दुकानात येऊन म्हणाला, “मामे, पुढच्या शनिवारी तुमच्यासारखी माणसं आणाल का?”

“किती?”

“चारशे.”

“माझ्यासारखी चारशे नाहीत. पण शिकवीन.”

आणि तिने शिकवलं. सुरणवाल्या, टोमॅटोवाल्या, शिंपिणी, चर्चच्या गायनमंडळातल्या बाया, ट्रोट्रो या भाड्याच्या छोट्या बसगाड्यांवरचे ड्रायव्हर. तिचे नियम सगळ्यांना तोंडपाठ होते. आवडलं नाही तर टाळी वाजवायची नाही. आवडलं तर लाजायचं नाही. पोर शब्द विसरलं तर आपण खालच्या पट्टीत ओळ धरून ठेवायची, म्हणजे त्याला परत येऊन उभं राहायला जागा मिळते. हा शेवटचा नियम ऐकून मी तिच्या पाया पडायचा बाकी होतो. आमच्या धंद्यातल्या अर्ध्या लोकांना हे कळत नाही.

ती माणसं आणायला तीन ट्रोट्रो दुपारभर फेऱ्या मारत. भिंतीवर चढून लोक आत डोकवायचे. शेवटच्या फेरीच्या दिवशी बाजार अर्धा बंद असायचा.

मग उतार लागला. तो एका दिवसात लागत नाही. आधी चांगले परीक्षक गेले आणि त्यांच्या जागी विनोदी नट आले. गाण्यापेक्षा पोरांच्या घरची दुःखं जास्त वेळ दाखवायला लागले. लोक गाण्याचे तुकडे मोबाइलवर बघायला लागले आणि शनिवार मोकळा ठेवायचं कारण उरलं नाही. एका वर्षीचा विजेता मोबाइलची कव्हरं विकताना मला बाजारात भेटला. गळा अजून तसाच होता. तीन ट्रोट्रोंच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली.

नवा दिग्दर्शक अदोमाको. पोरगा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो. राजधानीत, अक्रात वाढलेला, डोक्यात शंभर कल्पना, आणि वरच्यांचा दट्ट्या मानेवर. त्याने युक्ती काढली. आलेल्या माणसांना एकदा डावीकडे बसवून चित्रण करायचं, मग डोक्याचे रुमाल बदलून उजवीकडे. टाळ्या कुठल्याशा परदेशी कार्यक्रमातून ध्वनिमुद्रित करून आणलेल्या होत्या, त्या यंत्रातून सोडायच्या. पहिल्यांदा त्या वाजल्या तेव्हा बिरागो खुर्चीतून उठली.

“हे कोण वाजवतंय?”

“मामे, ते यंत्र आहे.”

“त्याला कसं कळलं गाणं बरं झालं ते?”

अदोमाको घाईने पुढच्या गाण्याकडे वळला. यंत्र मात्र राहिलं.

आता त्या शनिवारकडे येतो. उपांत्य फेरी होती. चार पोरं उरली होती. त्यांतली पोमा म्हणजे माम्पोंगची वीस वर्षांची मुलगी, लोकांच्या वेण्या घालायला शिकत होती, आवाज ओल्या मातीसारखा. चौघांच्या आया बिरागोच्या घरी उतरल्या होत्या. तिने त्यांना शब्द दिला होता की शेवटची फेरी होणार, पोरं ती गाणार. आणि वाहिनीने त्याच सकाळी कळवलं होतं की टोमॅटोच्या डब्यांची जी कंपनी कार्यक्रमाला पैसे देत होती, तिची माणसं संध्याकाळी सहाच्या थेट प्रक्षेपणाला येणार. सभागृह भरलेलं आणि जिवंत दिसलं तर पुढे चालू. नाहीतर आजच शेवट. शेवटची फेरी नाही, विजेता नाही, काही नाही.

आणि खुर्च्यांत त्रेसष्ट माणसं.

“लोक कुठे गेले?” अदोमाकोने विचारलं.

“मातीला,” बिरागो म्हणाली. “ड्रायव्हर बोआदुच्या. अख्खा बाजार तिकडे आहे, सगळ्या गाड्या तिकडे आहेत. ही तारीख कुणी ठरवली?”

“मी. दोन आठवड्यांपूर्वी. कॅलेंडर बघून.”

“कॅलेंडर बघून! अरे, कुमासीत शनिवार ठरवताना कॅलेंडर कोण बघतं? भिंतीवरची मयताची पोस्टरं बघतात. गावभर त्याचा फोटो लागलाय, तीन आठवडे झाले. तुला वाटलं काय, तो निवडणुकीला उभा आहे?”

अदोमाको खाली बसला. खरंच त्याला तसंच वाटलं होतं.

बिरागोने रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे वळली. “ए सावत्र आई, ऊठ. काळं घालून आलायस ना? बरं झालं.”

“मी तुझ्या कार्यक्रमानंतर तिकडे जाणार होतो.”

“आपण आधी जातोय.”

बोआदुच्या मातीचा मांडव चालत दहा मिनिटांवर, ड्रायव्हर संघाच्या मैदानात होता. लाल आणि काळ्या कपड्यांचा समुद्र. ढोल, भोंगे, भुईमुगाच्या सुपाचा वास. बोआदु अठ्ठावन्नाचा होता. ते काही जाण्याचं वय नव्हे, म्हणून रंग लाल-काळाच होता; पिकल्या वयात गेलेल्यासाठीच आमच्याकडे पांढरं घालतात. आम्ही रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून रांगेतल्या एकेकाचा हात हातात घेत गेलो, शंभर-दीडशे हात असतील. मग आम्हाला बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर कुळातले ओपानिन, म्हणजे वडीलधारे, सार्पोंग यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “इकडे सगळं ठीक आहे. तुमचं येणं कशासाठी?”

इथे माणूस म्हणतो, ‘दुःखात सामील व्हायला आलो.’ बिरागो उभी राहिली. उजवा खांदा उघडा टाकला, मोठ्यांपुढे टाकतात तसा.

“ओपानिन, मी रडायला आले आणि मागायलाही आले. दोन्ही एका दमात करते, रागावू नका. साडेपाचला तुमचा कार्यक्रम संपेल, लोक घरी जातील. मला ते दीड तासासाठी द्या.”

“लोक द्या?”

“माझ्या खुर्च्यांवर बसायला. तिथे चार पोरं गाणार आहेत आणि ऐकायला कुणी नाही.”

मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “मातीच्या कपड्यांत गाणी ऐकायला? हिला ऊन लागलंय.”

“गप रे,” बिरागो तिकडे न बघता म्हणाली. “ओपानिन, बोआदुने अकरा वर्षं दर शनिवारी माझी माणसं आपल्या गाडीतून आणली. एक शनिवार चुकला नाही. पण तो कधी आत येऊन बसला नाही. म्हणायचा, गाडी कोण बघेल? खिडकीखाली उभा राहून ऐकायचा. आज गाडी बघायची त्याला काळजी नाही. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मी त्याच्यासाठी ठेवलीय. तो बसणार असेल तर त्याच्या माणसांनी उभं का राहावं?”

ओपानिन सार्पोंग सत्तरीचे, बोलायला कडक. ते शेजारच्या म्हाताऱ्यांशी डोक्याला डोकं लावून बोलले. विधवा, बोआदुची बायको, मागे बायकांत बसली होती. तिने नुसती मान हलवली. मी ते पाहिलं, ओपानिननीही पाहिलं.

“ऐक मग,” ते म्हणाले. “कपडे बदलणार नाहीत. टाळी वाजणार नाही; आज आमचे हात त्यासाठी नाहीत. चालेल?”

“टाळी नको. कान द्या.”

“मामे, खायला आहे का तिकडे?” मागून कुणी तरणा ओरडला.

“तू आत्ता तीन ताटं जेवलास, मी येताना मोजली. चल मुकाट्याने.”

सहाला पाच कमी असताना आम्ही सभागृहात शिरलो. खुर्च्या पुरल्या नाहीत. उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले. सगळं लाल, सगळं काळं. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी, तिच्यावर काळं कापड. अदोमाकोने हे पाहिलं आणि त्याच्या हातातले कागद गळाले.

“मामे! हे काय केलंत? हे थेट जाणार आहे! घरी बसलेले लोक म्हणतील, कार्यक्रम मेला आणि हे मातीला जमलेत!”

“मग? मातीला चारशे माणसं जमली तर लोक म्हणतात, मोठा माणूस होता.”

“मी प्रेक्षकांवरचे दिवे बंद करतो.”

“कर. मग मी ह्यांना घेऊन परत जाते.”

दिवे राहिले. कंपनीच्या बाई आल्या, पिवळ्या सुटात, आणि दारातच थबकल्या. त्यांना वाटलं चुकीच्या ठिकाणी आलो. निवेदकाने त्यांना हाताला धरून बसवलं.

पहिल्या तिघांनी उडत्या चालीची गाणी म्हटली, कारण तशीच बसवली होती. सभागृह गप्प. वाईट गप्प नव्हे. लक्ष देऊन गप्प. पण मंचावरून त्यातला फरक कळत नाही. मी तिथे उभा राहिलेला माणूस आहे, मला माहीत आहे. पोरं गाताना सारखी विंगेकडे बघत होती. तिसऱ्या गाण्यानंतर अदोमाकोचा धीर सुटला आणि त्याने यंत्र सुरू करायला सांगितलं. टाळ्यांचा पाऊस पडला. शिट्ट्या. कुठल्याशा परक्या देशातल्या बायका खिदळल्या.

चारशे डोकी एकाच वेळी वळली. कोण वाजवतंय ते शोधायला.

ओपानिन सार्पोंग काठीवर उठले. “आमच्या मेलेल्या माणसाला कोण हसतंय?”

मी डोळे मिटले. नाटक पडतं तेव्हा त्याचा एक आवाज असतो. मला तो ऐकू आला. डोळे उघडले तेव्हा बिरागो ध्वनीच्या टेबलाजवळ होती. ती ओरडली नाही. तिने त्या माणसाला विचारलं, “ह्याची वायर कुठली?” आणि त्याने दाखवलेली वायर तिने काढून हातात ठेवली. मग ओपानिनपाशी जाऊन, सगळ्यांसमोर, कॅमेरे चालू असताना, गुडघे टेकले.

“हसणारी माणसं इथे नव्हती, ओपानिन. आमच्याकडे माणसं कमी झाली म्हणून आम्ही खोटी टाळी विकत आणली होती. मी हे होऊ दिलं. माझी चूक आहे. आता इथे फक्त तुम्ही आहात.”

हे घराघरांत दिसलं. पिवळ्या सुटातल्या बाईंनी दिग्दर्शकाकडे पाहिलं, दिग्दर्शकाने जमिनीकडे. ओपानिननी काळं कापड घातलेल्या खुर्चीकडे पाहिलं. मग बसले.

आता पोमा. तिचं ठरलेलं गाणं एका खट्याळ नवऱ्याबद्दलचं होतं, कंबर हलवून म्हणायचं. बिरागो मंचाच्या कडेला गेली. मी जवळ होतो म्हणून ऐकलं.

“पोरी, समोर कोण बसलंय दिसतंय का?”

“दिसतंय, मामे. मला भीती वाटतेय.”

“वाटू दे. तुझी आई सांगत होती, आजोबा गेल्यावर आजीने कुठलं गाणं म्हटलं होतं?”

“ते... ते स्पर्धेचं गाणं नाही. वाद्यवाल्यांना येत नाही.”

“ते गप्प बसतील, माझ्या ओळखीचे आहेत.”

पोमाने पायातल्या उंच टाचांच्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि वाद्यांशिवाय सुरू केलं. माम्पोंगकडच्या बायकांचं जुनं गाणं, एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं असं. रस्त्यावर गेलेल्याला ती विचारते, कुठल्या वळणावर थांबलास, भात निवतोय. दुसऱ्या कडव्याला तिचे शब्द गेले.

मग मागून एका बाईने खालच्या पट्टीत ओळ धरली. सुरणवाली होती, बिरागोची जुनी शिष्या. मग दुसरीने. मग बायकांच्या त्या सगळ्या काळ्या-लाल रांगा उत्तर द्यायला लागल्या. टाळी नव्हती, ढोल नव्हता, चारशे माणसं एका पोरीच्या पायाखाली जमीन धरून बसली होती. पोमा परत आली, आणि काय आली! बोआदुची बायको उठली. दोघी बायका तिला धरायला धावल्या; तिने त्यांना सारलं, मंचावर चढली आणि उजव्या हाताची दोन बोटं त्या पोरीच्या डोक्यावर धरली.

मी चाळीस वर्षं लोकांना रडवायचं काम केलं. त्या संध्याकाळी मला कळलं, मी नुसती शिकाऊ उमेदवारी करत होतो.

कार्यक्रम संपल्यावर पिवळ्या सुटातल्या बाई बिरागोपाशी आल्या. काजळ गालावर आलं होतं. प्रामाणिक बाई, गोड बोलून फसवलं नाही. म्हणाल्या, “शेवटची फेरी होईल, हा शब्द देते. त्यानंतर मात्र आम्ही थांबणार. लोक आता टीव्हीपुढे बसत नाहीत, मामे. आज बसले, रोज बसणार नाहीत.”

अदोमाकोचा चेहरा पडला. बिरागोचा नाही. “एक फेरी पुरे,” ती म्हणाली. “मी आयांना तेवढंच कबूल केलं होतं.” आणि ती ओपानिनना दारापर्यंत सोडायला गेली, उलट्या पावलांनी, पाठ न दाखवता.

तीन आठवड्यांनी शेवटची फेरी झाली. एकशे सत्तर माणसं आली असतील. कुणाला इकडून तिकडे हलवलं नाही, रुमाल बदलले नाहीत, रिकाम्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या. अदोमाकोने स्वतः यंत्र घरी पाठवलं होतं. ओबुआसीचा एक मुलगा जिंकला, आणि रास्त जिंकला. पोमा तिसरी आली. पुढे तिने माम्पोंगला दुकान टाकलं. वेण्या घालते आणि गाते. गिऱ्हाइकं मुद्दाम वेळ लावतात म्हणे.

पण मला सांगायचं ते निकालाआधीचं. पोमा शेवटचं गाणं म्हणायला मंचावर आली होती, वाद्यं लागत होती. तेवढ्यात निवेदक खाली उतरला, मधल्या वाटेने चालत बिरागोपाशी आला. सतरा वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सुचलं होतं. तो म्हणाला, “मंडळी, हा कार्यक्रम ज्यांनी इतकी वर्षं जिवंत ठेवला, त्यांच्याकडून दोन शब्द ऐकूया,” आणि माइक तिच्या तोंडापुढे धरला. सगळे वळले. मी तर उभाच राहिलो. तिने त्या माइककडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, मग मागे मान वळवून खुर्च्यांकडे पाहिलं आणि म्हणाली,

“हे त्या पोरीला दे. आणि तू जरा बाजूला हो बाबा, मागच्या बायांना दिसत नाहीये.”